जिन्यातला न्यूट्रल

जून ते सप्टेंबर लोणावळ्यात भिंती कोरड्या राहत नाहीत. वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या घरात, त्यात मुंबई-पुण्याच्या मंडळींचे आठवडाभर कुलूपबंद असणारे फ्लॅट. बाथरूमच्या छताला काळी बुरशी धरते, टॉवेलांना कुबट वास येतो. म्हणून तुंगार्लीपासून कामशेत-वडगावपर्यंत जुन्या इमारतींत झरोक्याला एक्झॉस्ट फॅन बसवण्याचे काम निघत राहते. पंखा असतो तीस-पस्तीस वॅटचा, आणि काम तास-दोन तासांचे.

एवढ्याशा कामातही दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न दडलेला असतो.

जुन्या बाथरूमच्या स्विचबोर्डात बऱ्याचदा फेज मिळतो, न्यूट्रल मिळत नाही. तो घरातल्या वितरण पेटीपासून (डीबी) आणायचा तर टाइल्सवरून पट्टी मारावी लागते आणि ती डोळ्यांत खुपते. भिंतीपलीकडे जिना असतो, जिन्यातल्या दिव्याचा जंक्शन बॉक्स हातभर अंतरावर. मग न्यूट्रल तिथून उचलला जातो. फेज घरचा, न्यूट्रल सोसायटीचा. पंखा फिरतो, पैसे दिले जातात, आणि त्या कामाकडे पुन्हा कुणी बघत नाही.

घरात आरसीसीबी असेल तर ती मात्र गप्प बसत नाही. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढेच ती पाहते. घरगुती आरसीसीबी तीस मिलिअँपिअरच्या फरकाला पडते. पस्तीस वॅटचा पंखा सुमारे दीडशे मिलिअँपिअर घेतो आणि तो सगळा परस्पर जिन्यात निघून जातो. त्यामुळे बटण दाबताच ती पडते. इथे खरी परीक्षा असते. वायर बदलायची की आरसीसीबीला वळसा घालायचा? अनेक घरांत वळसा घातला जातो, आणि गिझरच्या ओल्या खोलीतले जीव वाचवणारे साधन कायमचे बाद होते.

पण घरच्यांनी निदान स्वतःचा धोका स्वतः पत्करलेला असतो. पुढे ज्याचा जीव टांगणीला लागतो, त्याला कुणी काही विचारलेले नसते.

सहा महिन्यांनी जिन्यातला दिवा जातो. सोसायटीचा वायरमन तळमजल्यावरच्या पॅनेलमधला जिन्याचा एमसीबी पाडतो, टेस्टर लावून फेज मेलाय याची खात्री करतो आणि न्यूट्रलचा जोड सोडवतो. वरच्या मजल्यावरचे कुटुंब बाथरूम सुकावे म्हणून पंखा चालू ठेवून रविवारीच मुंबईला गेलेले. त्यांच्या घरचा फेज पंख्याच्या गुंडाळीतून त्या सुट्या टोकापर्यंत येऊन थांबलेला असतो, थेट २३० व्होल्टच्या दाबाने. शिडीवरच्या माणसाने सगळी काळजी घेतलेली असूनही धक्का त्यालाच बसतो. दाराला कुलूप असल्यामुळे झटकन जाऊन ते बटण बंद करणेही कुणाच्या हाती नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१च्या अहवालात विजेच्या धक्क्याने झालेले मृत्यू बारा हजारांहून अधिक आहेत. त्यातले किती उसन्या न्यूट्रलचे, याचा वेगळा रकाना नाही.

याच लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. मोठ्या वीजव्यवस्थेत एक शिस्त मुरलेली असते. परमिट घेतल्याशिवाय लाइनवर हात ठेवायचा नाही, आणि परमिट परत आल्याशिवाय वीज सोडायची नाही. बंद म्हणजे बंद, हा शब्द तिथे लेखी दिला जातो. निवासी इमारतीत तसा कागद नसतो. पॅनेलवरच्या एमसीबीखालची चिठ्ठी हाच काय तो शब्द. उसना न्यूट्रल ती चिठ्ठी खोटी ठरवतो. ब्रिटनच्या वायरिंग नियमांत याच कारणासाठी प्रत्येक सर्किटचे न्यूट्रल वेगळे ठेवणे बंधनकारक आहे.

‘एवढ्याशा पंख्याने काय होतंय?’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. वॅट थोडे असले तरी व्होल्ट तेवढेच असतात.

उपाय महागडा नाही. पंख्याचे फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही स्वतःच्या डीबीतून घ्यावे, काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे, आरसीसीबी पडली तर कारण शोधावे. आधीच बसलेले पंखे तपासणे मात्र एकट्यादुकट्याचे काम नाही, कारण बंद फ्लॅटच्या किल्ल्या मालकांकडे असतात. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात, म्हणजे पावसाळा ओसरताना. गळती, रंग आणि पार्किंग यांच्या जोडीला हा विषय तिथे घेता येईल, आणि तपासणीच्या दिवशी किल्ली घेऊन येण्याची तारीख त्याच सभेत ठरवता येईल.