हद्दीचे दगड

पडेगावात, वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्याला एका फोटोवाल्याचं दुकान होतं असं समजा. छावणीपासून मिटमिट्यापर्यंतची लग्नं, साखरपुडे, बारशी त्यांच्याकडे यायची. दुकानात त्यांचा भाचा बसायचा, त्याची हाक ऐकून गिऱ्हाइकंही त्यांना मामाच म्हणू लागली. मामांची सगळी कमाई एका 1 टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये होती. प्रत्येक फोल्डरला नवरदेवाचं आडनाव आणि पुढे साल. दुसरी प्रत नव्हती. चालू डिस्क असताना दुसरीत पैसे कशाला घालायचे, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर बहुतेक घरांत हाच हिशेब चालतो.

एका दुपारी मामा हळदीच्या शूटिंगला गेलेले. कॉम्प्युटर फारच रेंगाळतो म्हणून भाचा नव्याने विंडोज टाकायला बसला. सेटअपच्या पडद्यावर फोल्डरांची आडनावं दिसत नाहीत. तिथे ड्राइव्ह 0, ड्राइव्ह 1 अशा कोरड्या ओळी असतात. पोराने भलतीच ओळ धरली. डिलीट, न्यू, नेक्स्ट. फायली उतरायला लागल्या, टक्के सरकायला लागले, आणि मग त्याची नजर आकड्यावर गेली. विंडोजची डिस्क एवढी मोठी नव्हती.

त्याने बटण शोधलं नाही, सरळ भिंतीतली पिन उपटली. घाबरून केलेलं असलं तरी त्या दुपारचं त्याचं हे एकमेव शहाणं काम.

पुढची पाच मिनिटं जास्त धोक्याची होती. मोबाइलवर त्याला एक व्हिडिओ सापडला: अमुक सॉफ्टवेअर टाका, गेलेला डेटा परत. मामा यायच्या आत उरकून टाकू, कुणाला कळायचंही नाही. विंडोज अर्धवट उतरलंय, ते तेवढं पुरं होऊ द्यायचं आणि त्यावरच ते सॉफ्टवेअर टाकायचं. पिन पुन्हा हातात घेतली तेव्हा मागच्या बाजेवरून आवाज आला, "काय करायलास रे?"

आबा. मामांचे वडील, निवृत्त तलाठी. पोराचा चेहरा बघून त्यांनी पेपर खाली ठेवला. भाच्याने अडखळत सगळं सांगितलं. आबांना पार्टिशन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यांनी एवढंच विचारलं, "फोटो पुसलेस, का फोटो कुठं आहेत त्याची नोंद पुसलीस?"

"नोंद, आबा. थोडे फोटोही गेले असतील."

"मग कामून घाई करायलास? दफ्तर जळालं म्हणून शेत जळतं का? बांध जागेवर असतात. मोजणीवाला येतो, जुने दगड हुडकतो, हद्द कायम करतो. पण तोवर रानात नांगर घालायचा नाही. ठेव ती पिन."

आबांचं बोलणं डिस्कला तंतोतंत लागू होतं. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिला सेक्टर 512 बाइटांचा असतो, आणि कुठला भाग, म्हणजे पार्टिशन, कुठून सुरू होतं हे त्यातल्या अवघ्या 64 बाइटांत लिहिलेलं असतं. चार नोंदी, प्रत्येकी 16 बाइटांच्या. पोराने प्रामुख्याने बदलले ते हे 64 बाइट. झटपट फॉरमॅटही सगळी डिस्क पुसत नाही. फोटो होते तिथेच पडून होते, फक्त त्या जागा आता मोकळ्या समजल्या जात होत्या. नवी फाइल येऊन बसेल तिथला जुना फोटो कायमचा जाणार. एसएसडी असती तर मात्र आबांचा सल्लाही बहुधा कामी आला नसता. तिथे फॉरमॅट होताच विंडोज ट्रिमचा आदेश सोडते आणि डिस्क स्वतःच जागा साफ करायला घेते.

मामा संध्याकाळी आले. जे बोलायचं ते बोलले, आवाज रस्त्यापर्यंत गेला. आबांनी मध्ये तोंड घातलं नाही, फक्त डिस्क स्वतःच्या मांडीवर ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी तिघे शहरात एका जाणकाराकडे गेले. त्याने पहिला प्रश्न केला, "यानंतर किती वेळा चालू केली?" एकदाही नाही म्हटल्यावर तो प्रथमच खुर्चीत नीट बसला. आधी त्याने मूळ डिस्कची बाइट-न्-बाइट नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने 1 टीबीला पावणेतीन तास लागतात. मामांनी तेवढ्यात चार चहा घेतले. मूळ डिस्क बाजूला ठेवून नकलेवर त्याने टेस्टडिस्क चालवलं. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेला हा मोफत प्रोग्राम. तो पार्टिशनच्या जुन्या खुणा शोधतो. विंडोजची फाइल-व्यवस्था एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची एक प्रत भागाच्या शेवटी ठेवते, तीही त्याला सापडते. जुनी हद्द पडद्यावर आली, जाणकाराने 'पी' दाबला आणि आडनावांची रांग लागली. मामा काचेवर बोट टेकवून एकेक नाव वाचत गेले.

विंडोज जिथे उतरलं होतं तिथलं काही आलं नाही. काही फोटोंच्या नोंदी गेल्या, पण फोटो शाबूत होते. ते फोटोरेकने काढले. हा प्रोग्राम नाव-गाव बघत नाही, जेपीजीची सुरुवात ज्या बाइटांनी होते ते हुडकतो. त्यामुळे हजारो फोटो नुसत्या आकड्यांची नावं घेऊन आले. कुणाचं लग्न कुठलं? मामांनी मंडपाच्या झालरीवरून, फेट्याच्या रंगावरून, कुणाच्या तरी रुसलेल्या आत्यावरून ओळखायला सुरुवात केली. भाचा शेजारी बसून फोल्डरांना नावं देत होता. दोघांचं बोलणं सुरू झालं ते तिथेच.

एक लग्न मात्र सापडलंच नाही. शरणापूरकडचं. मामा फोन न करता स्वतः त्या घरी गेले, झालेलं सांगितलं आणि छापून दिलेला अल्बम चार दिवसांसाठी मागितला, पानापानाचे फोटो काढून घ्यायला. नवरदेवाच्या आईने कपाटातून तो काढला, पदराने पुसला, हातात देता देता पुन्हा स्वतःकडे ओढला.

"जपून न्या बरं, मामा. आमच्याकडे ही एकच प्रत आहे."