पेटीवरचं नाव

कोकणात एक बागायतदार होता. त्याची हापूसची कलमं होती, थोडी काजू होती, परसात रातांबे होते. आंबा दरवर्षी वाशीच्या बाजारात जायचा आणि दलाल देईल तो भाव घ्यावा लागायचा. एका वर्षी त्याने ठरवलं, आता थेट गिऱ्हाइकाला विकायचं.

त्याचा पुतण्या पुण्यात शिकला होता. त्याने काकांसाठी मन लावून वेबसाइट बनवली. हापूसच्या विभागाला नाव दिलं 'अमृतकलश'. काजूच्या विभागाला 'लाल मातीचं लेणं'. भावाच्या पानाला 'आपलं नातं'. पानांचे पत्ते मात्र यंत्राने दिले तसेच राहिले. प्रश्नचिन्ह, बरोबरचं चिन्ह आणि पुढे एक आकडा.

मार्चमध्ये पहिली आढी लागली. फोन वाजायचा, पण तो ओळखीच्याच गिऱ्हाइकांचा. तीसुद्धा वेबसाइट उघडून विचारायची, "हापूसचा भाव कुठे लिहिलाय हो?"

फोन घ्यायला पेट्या भरणारी एक मुलगी होती. गिऱ्हाईक जे मागेल ते ती त्याच्याच शब्दांत पावतीपुस्तकाच्या मागे लिहून ठेवू लागली. 'हापूस पेटी केवढ्याला'. 'आंबा डझनाचा भाव'. 'ओले काजूगर मिळतील का'. पान भरलं, तसं तिने ते पुतण्यासमोर ठेवलं.

"दादा, लोक हे मागतात. आपल्या एकाही विभागावर यातला शब्द नाही. मग गूगलवर हे शोधणाऱ्याला आपण कसे सापडणार?"

पुतण्या दुखावला. "हापूस तर सगळेच लिहितात. आपलं वेगळेपण कसं दिसणार?"

बागायतदार पेट्यांवर नावं घालत होता. त्याने एक पेटी पुढे सरकवली. "वाच. 'हापूस, पाच डझन.' याच्यावर मी अमृतकलश लिहिलं, तर दादरचा माणूस काय समजून घेईल? आणि हे नाव फुकटचं नाही. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरचा आंबा हापूस म्हणून खपवतात, म्हणून मी रीतसर नोंदणी करून घेतली. हक्काचं नाव आपणच झाकून ठेवलंय."

पुतण्या कामाला लागला. विभाग झाले 'हापूस आंबा', 'काजूगर', 'आंब्याचा भाव'. पत्तेही त्याने देवनागरीत केले. पडद्यावर ते छान दिसले, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवले तर टक्क्यांच्या चिन्हांची माळ झाली. एका 'हापूस'ची पंचेचाळीस अक्षरं. गूगलला असा पत्ता कळतो, माणूस मात्र त्याच्यावर बोट ठेवायला घाबरतो. म्हणून पुतण्याने तेच शब्द रोमन अक्षरांत लिहिले आणि मध्ये आडवी रेघ दिली. मग त्याला हाव सुटली. उत्तम, अस्सल, स्वस्त, घरपोच, सगळं त्याने एकाच पत्त्यात कोंबलं.

मुलगी म्हणाली, "एवढा लांब पत्ता मला फोनवर सांगता येणार नाही."

पत्ता पुन्हा दोन शब्दांवर आला. भावाच्या पत्त्यात त्याला सालही घालायचं होतं. काका म्हणाले, "भाव दरसाल बदलतो. पान तेच राहू दे."

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. आधी जपून ठेवलेला पत्ता उघडत नव्हता. आता पुतण्या खरोखर घाबरला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की पत्ते बदलू नयेत, ते आधीच विचारपूर्वक ठरवावेत. पण इथे बदल होऊन गेला होता. त्याने प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वाट लावून दिली. तंत्रज्ञ तिला ३०१ म्हणतात. त्या वाटेने माणूसही नीट पोचतो आणि गूगललाही कळतं, की पान हलवलंय.

लगेच फोनांची रीघ लागली नाही. लागणारही नव्हती. नुसत्या पत्त्यातल्या शब्दांना गूगल फार थोडं वजन देतं. पानाचं शीर्षक आणि आतला मजकूर यांचं काम मोठं. म्हणून मुलीने प्रत्येक पानावर भाव, पेटीत किती डझन आणि आंबा पिकायला किती दिवस लागतात ते साध्या शब्दांत लिहून घेतलं.

मे महिन्यात अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागले. "तुमच्याकडे हापूस आहे का?" असं त्यांतलं कुणी विचारत नव्हतं. "पेटी कधी पाठवाल?" एवढंच विचारत होते.

काका पुतण्याला म्हणाले, "माल आपला असला, तरी नाव घेणाऱ्याच्या तोंडचं हवं."

पाठोपाठ रातांबे उतरले. नवं पान करायचं होतं. पुतण्याने पावतीपुस्तक मागवलं आणि मुलीला विचारलं, "लोक काय म्हणून मागतायत?"

"कुणी आमसूल म्हणतं, कुणी कोकम."

त्याने शीर्षकात दोन्ही लिहिली.