बरोबरी आणि न्याय

दोन पक्ष गुणांनी तंतोतंत समान असता त्यांतील एकालाच वर चढविणे न्याय्य होय काय? मन प्रथम 'नाही' म्हणते. परंतु जागा एकच असेल तर निवड टळत नाही. मग निवडीला आधार कशाचा घ्यावा, हा खरा प्रश्न उरतो.

२०२४-२५ च्या रणजी करंडक स्पर्धेत याचा उत्तम वस्तुपाठ मिळाला. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लावावा, असा तेथील दंडक आहे. केरळने उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर अवघ्या एका धावेच्या आघाडीने मात केली, उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांच्या. गुजरातचा अखेरचा फलंदाज तर क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावरून उडालेल्या चेंडूवर झेलबाद झाला! पुढे नागपूरच्या अंतिम सामन्यात विदर्भाच्या ३७९ धावांपुढे केरळचा डाव ३४२ वर आटोपला. सामना अनिर्णित राहिला, आणि ज्या दंडकाने केरळला तेथवर आणले त्यानेच करंडक विदर्भाच्या हाती दिला. कुरुद-भिलाईकडील आम्हां मराठी मंडळींना नागपूर शेजारचेच. आम्हांला आनंद झाला हे सांगणे नलगे. केरळलाही तक्रारीस जागा नव्हती. दंडक आधीपासून सर्वांस ठाऊक होता.

परंतु आधी ठाऊक असणे पुरेसे आहे काय? २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड व न्यूझीलंड २४१ धावांवर समान राहिले, जादा षटकातही १५ धावांवर समान राहिले. तेव्हा चौकार-षटकार अधिक, २६ विरुद्ध १७, म्हणून इंग्लंड विजेते ठरले. नियम छापील होता, तरी तो मनाला पटला नाही. त्याच वर्षी तो रद्द झाला. धाव पळून काढली काय अन् टोलवून काढली काय, तिचे मोल एकच. खेळाच्या हेतूशी नाते नसलेला निकष हा गुणवत्तेचा केवळ आभास होय.

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेत ३२ संघ प्रत्येकी १७ सामने खेळतात. सर्वांची सर्वांशी गाठ पडत नाही, म्हणून बरोबरी अटळ. ती सोडविताना प्रथम परस्परांतील सामने पाहतात, मग समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, मग हरविलेल्या संघांचे बळ. आणि सारे निकष संपले की अखेरीस नाणेफेक. आपल्याकडेही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये समसमान मते पडल्यास चिठ्ठी टाकतात, हे निवडणुकीच्या कामावर गेलेल्या वाचकांस ठाऊक असेलच. आम्हांला हा शेवट लाजिरवाणा वाटत नाही, प्रामाणिक वाटतो. गुणांची भाषा जेथे संपते तेथे दैवाला दैव म्हणणेच बरे.

आपल्या कचेऱ्यांतील ज्येष्ठता-यादीत कित्येकदा केवळ जन्मतारखेने एक नाव दुसऱ्याच्या वर चढते. ते चढणे गैर नव्हे. काही तरी क्रम लावावाच लागतो. गैर आहे ते वर चढलेल्याने त्या क्रमाला आपली योग्यता समजणे, आणि खाली राहिलेल्याने त्याला आपली उणीव मानणे. नियम जागा देतो, थोरवी देत नाही. एवढे ध्यानी राहिले तर खालच्या ओळीतही मान ताठ राहते, आणि वरच्या ओळीत ती थोडी लवते.