निराधार कोणास म्हणावे?

आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील गावोगावी "निराधार" हा शब्द वारंवार कानी पडतो. परंतु त्याचा अर्थ ध्यानी न घेतल्यामुळे पुष्कळांस तो शिवीसारखा लागतो. आधार म्हणजे धरून ठेवणारा. खांब मोडला म्हणजे आढे खाली येते. त्यात आढ्याचा दोष काय? तसेच ज्याच्या अन्नवस्त्रनिवाऱ्याचा टेकू गेला, तो निराधार होय. ह्या शब्दाने मनुष्याची किंमत होत नाही. त्याची गरज मात्र कळते.

रूथच्या पुस्तकात दोन विधवा आहेत. नामीचे वय झालेले; पती व दोन्ही पुत्र मरण पावलेले. रूथ तरुण, तिच्या हातांस बळ होते, पण शेत नव्हते. एकीस पोसणारा पाहिजे होता, दुसरीस काम. रूथ सरवा वेचावयास गेली, तेव्हा बवाजाने तिच्यासाठी मुद्दाम कणसे टाकविली आणि तिचा अपमान होऊ दिला नाही.

हाच भेद आपल्या प्रांतातही ओळखला गेला. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली मागेल त्यास काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती रीत राज्यभर उपयोगी पडली, व १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे विधवा, अपंग, अनाथ इत्यादिकांसाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली.

तरी माण-खटावात काय किंवा जत-आटपाडीत काय, एखादी विधवा लोकलज्जेस्तव तहसील कचेरीची पायरी चढत नाही. आणि ज्याचे पुत्र कमावते आहेत असा कोणी त्याच नावाने हात पुढे करतो. लाजेने एकीचा घास राहतो, लोभाने दुसऱ्याचा जातो.

यास्तव, उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारी भक्ती आटोपल्यावर आपल्या मंडळीतील घरे एकेक करून आठवा. ज्यास बळ आहे त्यास काम पाहून द्या. जिचा आधार तुटला आहे तिचा अर्ज लिहून द्या, आणि तिच्याबरोबर कचेरीत जा. कागद मंजूर होईपर्यंत तिची चूल मंडळीने पेटती ठेवावी. देवाने आपणांस एकमेकांचे खांब म्हणूनच उभे केले आहे.