झडपांचा प्रश्न

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या पहिल्या चलनात दुसऱ्या विषयाआधीची ललकारी प्रथम हॉर्नवर उमटते. पुनरावर्तनात ती सी-मेजरमध्ये येते तेव्हा मात्र बसूनकडे जाते. १८०८ च्या हॉर्नला झडपा नव्हत्या. मध्येच नळी बदलण्यास उसंतही नव्हती, असे याचे रूढ स्पष्टीकरण आहे. म्हणून विसाव्या शतकातील अनेक संचालकांनी ती ललकारी हॉर्नला ‘परत’ दिली. झडपा असत्या, तर बेथोव्हेनने हेच केले असते!

हा ‘तर’ निरुपद्रवी नाही. संहितेचा मान राखल्याचा आव आणून तो कर्त्याच्या वतीने बोलू लागतो. नॉरिंग्टन यांची १९८० च्या दशकातील आणि गार्डिनर यांची १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली, तत्कालीन वाद्यांवरील ध्वनिमुद्रणे या वकिलीला आव्हान देतात. आतड्याच्या तारांचा नाद आधुनिक तारांइतका सर्वव्यापी नसतो. त्यामुळे लाकडी वाद्यांना अवकाश मिळतो. अशा ध्वनिविश्वात बसूनचा स्वर केवळ नाइलाज म्हणून ऐकू येतोच असे नाही.

तथापि या ध्वनिमुद्रणांचा प्रामाण्याचा दावाही निर्वेध नव्हे. रिचर्ड टारस्किन यांनी त्यात विसाव्या शतकाचीच अभिरुची ओळखली. (मायक्रोफोन तर निश्चितच १८०८ चा नाही.) वाद्ये पुन्हा घडविता येतात, वाग्नर ऐकलेला कान मात्र ते ऐकणे विसरू शकत नाही. आणि ज्या अडचणीतून बसूनची निवड झाली, ती अडचण कृतीच्या बाहेरची की कृतीचाच अंश, याचे उत्तर कोणतेही वाद्य देत नाही.