तळे कोणाचे?

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांसह सर्वांना खुले केले. ठराव कागदावरच राहिला.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. ४ ऑगस्टला पालिकेने आपलाच ठराव फिरवला. ही माघार लाजिरवाणी होती.

जनावरे पाणी प्यायली तर तळे बाटत नाही, माणसाने प्यायले तर बाटते, हे कसले पावित्र्य? पालिकेच्या मालकीच्या पाण्यावर धर्माची मालकी कशी चालेल? आणि ज्याला तळ्याची पायरी उतरता येत नाही, तो त्या गावचा नागरिक कसा?

तळ्याच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, तो १७ मार्च १९३७ रोजी.