खोट्या अर्थांचा खेळ

शब्दकोश घेऊन खेळावयाचा एक खेळ आहे. इंग्रजी घरांतून तो पुष्कळ वर्षे खेळला जात होता. १९६५ साली बी.बी.सी.ने त्याच धर्तीचा एक कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू केला आणि १९८४ साली कॅनडात तो खोक्यात भरून विक्रीसही आला. मराठीत त्याला रूढ नाव नाही. खेळाची रीत सोपी आहे. एकाने कोशातून कोणासच ठाऊक नसलेला शब्द काढावा. बाकीच्यांनी त्याचा मनाने रचलेला अर्थ चिठ्ठीवर लिहून द्यावा. शब्द काढणाऱ्याने खरा अर्थ अशाच एका चिठ्ठीवर उतरवावा आणि साऱ्या चिठ्ठ्या मिसळून एका सुरात वाचाव्या. खरा अर्थ ओळखणाऱ्यास एक गुण. आणि ज्याच्या खोट्या अर्थास इतर भुलले, त्यास भुललेल्या प्रत्येकामागे एक गुण. दुसऱ्याला फसविल्यावाचून या खेळात सहसा जिंकता येत नाही.

पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. येथे वस्तीस आलेली कुटुंबे चार ठिकाणची, आणि त्यांत आम्हां कॅथलिकांची घरे मोजकी. नाताळच्या सुटीत मुले एकत्र जमतात, तेव्हा हा खेळ आम्ही त्यांच्याबरोबर खेळतो. घरात जो कोश असेल तो चालतो. मोल्सवर्थचा जुना कोश असेल तर फारच उत्तम. कंपनी सरकारच्या सैन्यातील या अधिकाऱ्याने कँडी बंधूंच्या साह्याने १८३१ साली तो प्रथम छापला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा काढला. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ ते १९३८, सात विभाग) कोणाकडे असल्यास मग सुटी अपुरी पडते.

एकदा 'औट' हा शब्द निघाला. चिठ्ठ्यांतून अर्थ आले ते असे : उसाचा रस ढवळण्याचे लाकडी फळे, तापल्या लोखंडास पाणी देण्याची क्रिया, गाभण म्हशीस द्यावयाचे एक औषध. एका पठ्ठ्याने 'क्रिकेटमध्ये बाद झालेला' असे लिहिले आणि त्यास अर्थातच एकही मत मिळाले नाही. 'साडेतीन' या चिठ्ठीवरही कोणी विश्वास ठेवला नाही. तोच खरा अर्थ होता. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्यामागून औटकी पाठ करावी लागे. औट हातांचा देह म्हणजे साडेतीन हातांचा देह. आज साडेतीनास स्वतंत्र शब्द असेल हेच मुलांना खोटे वाटते. तीच गत 'पूज्य' या शब्दाची. जुन्या मराठी गणितात पूज्य म्हणजे शून्य. हे कळल्यापासून पत्राच्या मायन्यात 'पूज्य फादर' असे लिहिताना आमच्या मुलांना हसू आवरत नाही. आणि हसणाऱ्यांनी आपल्या गावाच्या नावाकडेही पाहावे, कारण संस्कृतात आकडे शब्दांनी सांगण्याची जी रीत होती, तिच्यात 'पूर्ण' हाही शून्याचाच एक पर्याय होता.

खेळता खेळता एक गोष्ट ध्यानात येते. खरा अर्थ पुष्कळदा विचित्र असतो आणि खोटा अर्थ नेहमी समंजस असतो. सराईत मुले लवकरच कोशाची बोली उचलतात. 'एक प्रकारचे गवत' हे तीन शब्द लिहिले की निम्मी मते पदरात पडतात. पुढे कंसात 'प्रांतिक' असे जोडले तर विचारूच नये. आपण विश्वास ठेवतो तो अर्थावर नव्हे, सांगण्याच्या सुरावर ठेवतो, हे येथे उघडे पडते.

याच जागी आमच्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की आठवी आज्ञा मुलांना सकाळी शिकवावयाची आणि दुपारी सफाईने खोटे कसे बोलावे याचा अभ्यास घ्यावयाचा, हे कोणत्या धर्मशिक्षणात बसते? पुष्कळांनी ही हरकत हसण्यावारी नेली. आम्हांस ती तशी वाटली नाही. प्रश्न जुना आहे आणि थोरामोठ्यांनी त्यात लक्ष घातलेले आहे.

संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन ग्रंथ लिहिले, पहिला सुमारे ३९५ साली आणि दुसरा सुमारे ४२० साली. असत्याच्या बाबतीत त्यांच्याइतका कठोर मनुष्य विरळा. कोणाचा जीव वाचविण्यासाठीही ते असत्यास सूट देत नाहीत. तरीही पहिल्या ग्रंथाच्या आरंभीच ते विनोदास बाजूस काढून ठेवतात. बोलणाऱ्याचा सूर आणि वृत्ती यांवरूनच फसविण्याचा हेतू नाही हे स्पष्ट असल्यामुळे विनोद असत्यात मोडत नाही, असे त्यांचे मत. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास इतक्यावर समाधान मानीत नाहीत. असत्याचे ते तीन प्रकार करतात : हानी करणारे, उपकारासाठी केलेले आणि गमतीचे. गमतीचे असत्य क्षुल्लक पापात का होईना, पण पापात ते जमा धरतात, कारण सांगणाऱ्याचा हेतू फसविण्याचा नसला तरी त्या उक्तीचे स्वरूप फसविणारेच असते. हेच अक्विनास खेळाची मात्र पाठराखण करतात. आपल्या शिष्यांसमवेत खेळणाऱ्या संत योहानास पाहून काहींना नवल वाटले, तेव्हा योहानाने एकास धनुष्याने बाण सोडावयास सांगितले आणि असेच सोडीत राहिलास तर काय होईल म्हणून विचारले. धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच आहे, ही कथा अक्विनास आवर्जून सांगतात.

आता आमचा खेळ कोणत्या खात्यात घालावा? ऑगस्टीन यांची सूट त्यास सरळ लागू पडत नाही, कारण येथे सूर मुद्दाम गंभीर ठेवलेला असतो आणि भुलविण्याचा हेतूही खरा असतो. पण अक्विनास यांचा आक्षेपही पुरता लागत नाही. चिठ्ठी लिहिणारा 'हाच अर्थ आहे' असे कोणासही सांगत नाही. पाच चिठ्ठ्यांपैकी चार खोट्या आहेत, हे बसण्यापूर्वीच सर्वांस ठाऊक असते. जो फसतो, तो त्यास मान्यता देऊन फसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या खोलीत एकजण असा असतो ज्याच्या मांडीवर कोश उघडा आहे आणि जो डाव संपताच खरा अर्थ वाचणार आहे. खेळाचे निष्पापपण आमच्या मते या माणसावर उभे आहे. तो उठून गेला, किंवा त्यानेच लबाडी केली, तर उरते ती निव्वळ फसवणूक.

ही भीती कल्पनेतली नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून रोखे आणि खाती बाहेर काढून जाळली. त्या कागदांवर त्यांचेच अंगठे होते. मजकूर मात्र त्यांना वाचता येत नव्हता. गहाण म्हणून सांगितलेला कागद खरेदीचा निघे. येथे कठीण शब्दाचा अर्थ सांगणारा एकच, तोच चिठ्ठी लिहिणारा आणि तोच गुण घेणारा. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने जी व्यवस्था केली, ती आमच्या खेळाच्या भाषेत सांगावयाची तर कोश तिसऱ्याच्या हाती देण्याची होती : शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज सरकारने नेमलेल्या ग्रामनिबंधकापुढे लिहिला जावा. हा कायदा इंग्रजी अमलातील मोजक्या जिल्ह्यांपुरता होता. परभणी निजामाच्या राज्यात. येथे कचेरीची भाषा उर्दू आणि रयतेची मराठी. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हाच कारभार चालला. घरात कागद आहे आणि त्यावरील शब्दाचा अर्थ दुसऱ्यास विचारावा लागतो, अशी एकच पिढी नव्हे, कित्येक पिढ्या या भागात होऊन गेल्या. आज कागद मराठीत आहेत. पण फेरफार, भोगवटादार, कुलमुखत्यारपत्र यांचे अर्थ विचारले तर आमच्यापैकी किती जण खरी चिठ्ठी ओळखतील?

म्हणून त्या वृद्ध गृहस्थांची हरकत आम्ही अर्धी मान्य करतो. खेळात जे कौशल्य वाढते, त्यास पुढे कोठेही गिऱ्हाईक मिळते. पण फसविण्याचे कौशल्य वाढते तसेच फसणाऱ्याचे शहाणपणही वाढते, आणि 'एक प्रकारचे गवत' या सुरास ज्याने दहा वेळा मत दिले, तो अकराव्या वेळी थबकतो.

कोशावर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा काय, असेही मुले विचारतात. विचारू द्यावे. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या इंग्रजी कोशात 'डॉर्ड' नावाचा शब्द छापला गेला. अर्थ दिला होता घनता. असा शब्द नव्हताच. 'डी' या अक्षराचा संक्षेप म्हणून केलेली नोंद चुकून शब्दांच्या ढिगात गेली होती, आणि ती चूक १९३९ साली लक्षात आली. ही झाली नजरचूक. न्यू ऑक्स्फर्ड अमेरिकन कोशात मात्र 'एस्क्विव्हेलियन्स' हा शब्द संपादकांनी जाणूनबुजून रचून घातला होता. कोणी आपला कोश चोरून छापल्यास पकडता यावे म्हणून. २००५ साली ते बाहेर आले. त्या शब्दास त्यांनी दिलेला अर्थ होता, आपले अधिकृत कर्तव्य जाणूनबुजून टाळणे! चोरास सापळा लावणे समजू शकते. पण ज्याने भाबडेपणाने त्या पानावर विश्वास ठेवला, त्याचे काय? कोश हाती असणाऱ्याने स्वतःची चिठ्ठी कोशात मिसळू नये, असे आम्हांस वाटते, कारण काहीही असो.

आणखी एक प्रश्न उरतो आणि तो आम्हांस अधिक बोचतो. शब्द 'कोणासच ठाऊक नसलेला' असावा असा नियम. कोणास ठाऊक नसलेला? मुंबईहून आलेल्या पाहुण्यांपुढे 'गुत्तेदार' हा शब्द टाकला तर त्यांस गूळ करणारा किंवा गुत्त्यावर बसणारा सुचतो. मराठवाड्यात कंत्राटदारास दुसरा शब्दच नाही. 'दस्ती' म्हणजे हातरुमाल हे येथे पोरासोरांस ठाऊक. 'चाडे' हा शब्द शहरातील मुलांनी फक्त 'चाड'वरून ओळखण्याचा प्रयत्न केला. तिफणीवरील ज्या लाकडी वाटीत बी सोडतात ते चाडे, हे शेतावर राबलेल्या कोणत्याही बाईने चिठ्ठी न वाचता सांगितले असते. अशी बाई खोलीत असली तर खेळ बिघडतो म्हणून तिला बाहेर ठेवावयाचे काय? जुन्या करारातील शास्ते या पुस्तकात यार्देनेच्या उतारावर 'शिब्बोलेथ' हा एकच शब्द उच्चारावयास लावून गिलादी लोकांनी एफ्राइमी माणसे ओळखली आणि मारली. मारले गेलेले बेचाळीस हजार, असे तेथे लिहिले आहे. शब्द न येणाऱ्याला हसणे आणि त्यास परका ठरविणे यांत अंतर फार नसते. आम्ही आता नियम थोडा बदलला आहे : शब्द ज्याला ठाऊक असेल, त्याने चिठ्ठी लिहू नये, कोश त्याच्या मांडीवर द्यावा.

असाच एकदा 'इर्जिक' शब्द निघाला. शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी आपले बैल-औत घेऊन एकाच्या शेतावर दिवसभर फुकट राबावे आणि त्याने सर्वांस जेवू घालावे, ती इर्जिक. ट्रॅक्टर आल्यापासून ती दुर्मिळ झाली. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने चिठ्ठीवर लिहिले होते, 'रुसलेल्या माणसाची समजूत घालण्यासाठी केलेले जेवण'. तिला सर्वांची मते पडली. खरा अर्थ रीतसर वाचून झाला, दोनदा वाचला, मुलांनी तो ऐकलाही. पण तेव्हापासून आमच्या चार घरांतून कोणाचे बिनसले आणि पुन्हा जुळले, की मुले आईच्या मागे लागतात : आता इर्जिक कधी?